जावेचं बाळ गुटगुटीत, माझं का नाही?

पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन एक आई आली होती. "ताई, माझ्या दुधात कसच नाही. जावेचा मुलगा हिच्याच वयाचा, डब्याच्या दुधावर साडेसात किलोचा झाला. ही आपली सव्वासहावरच. सासूबाई म्हणतात, वरचं दूध सुरू कर."

मी फाइल मागितली. जन्माचं वजन 2.9 किलो, आता 6.3, दुपटीच्या पुढे. तक्त्यावरची तिची रेघ मधल्या रेषेच्या जरा खालून, पण तिच्याच चालीने वर चढत होती. लंगोट दिवसाला सहा-सात वेळा ओले. मांडीवर दोन ठसठशीत वळ्या.

त्या वळ्यांवरच आमचं बोलणं रंगलं. तिसऱ्या महिन्यानंतर डब्याच्या दुधावरची बाळं वजनात पुढे जातात, हे खरं. पण ते वजन कशाचं? दोन्ही प्रकारच्या बाळांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार तीन ते सहा महिन्यांच्या वयात चरबी जास्त असते ती अंगावर पिणाऱ्या बाळांत! डब्याच्या दुधावरच्या बाळांत जास्त भरतो तो चरबी सोडून उरलेला भाग: स्नायू, हाडं, पाणी. वर्षाच्या सुमारास मात्र पारडं फिरतं आणि डब्याच्या दुधावरची बाळं चरबीतही पुढे जातात. यात प्रथिनांचा मोठा हात असावा असं मानतात. आईच्या दुधात 100 मिलीला साधारण 1 ग्रॅम, डब्याच्या दुधात त्याहून जास्त. शिवाय बाळाने तोंड फिरवलं तरी 'एवढंसंच उरलंय' म्हणत बाटली संपवली जाते, ते वेगळंच.

जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे तक्ते भारतासह सहा देशांतल्या, अंगावर पिणाऱ्या बाळांवरून बनलेत. तुलना करायचीच तर त्यांच्याशी. जावेच्या मुलाशी नको, तो तर मुलगा.

"मग जावेचं चुकलं का?" नाही हो. या सगळ्या सरासरीच्या गोष्टी, आणि तिला डब्याचं दूध का लागलं ते तिचं तिला ठाऊक. पावडर-पाण्याचं माप डब्यावरचंच ठेवा आणि बाटली संपवायचा हट्ट नको, एवढं तिला जरूर सांगा.

वजनाची रेघ खालच्या रेषा ओलांडत घसरली, लघवी कमी झाली किंवा बाळ मलूल दिसलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

सासूबाई बाहेर बसल्या होत्या. त्यांना आत बोलावून तक्ता हातात दिला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिला, मग विचारलं, "वरचं खाणं कधी सुरू करायचं?"

"सहा महिने पूर्ण झाले की. आणि अंगावरचं दूध चालूच ठेवायचं."