आमचंच जुनं पेटंट आमच्याच नव्या रेंडरिंग अर्जाच्या आड कसं येतं? टर्मिनल डिस्क्लेमर भरून मोकळं व्हावं का?

तुमची अडचण मला समजली ती अशी. पडद्याचे छोटे चौकोन म्हणजे टाइल पाडून रेंडरिंग (संगणकावर चित्र तयार) करण्याच्या पद्धतीवर तुमच्या कंपनीला अमेरिकेत एक पेटंट मिळालंय. त्याचंच कंटिन्युएशन (तेच वर्णन ठेवून केलेला पुढचा अर्ज) म्हणून दुसरा अर्ज केला, तर एक्झामिनरने, म्हणजे पेटंट ऑफिसच्या तपासनिसाने, तुमचंच पेटंट पुढे करून 'डबल पेटंटिंग' (एकाच शोधावर दोन पेटंटं) म्हणत तो नाकारला. वकील म्हणतात, टर्मिनल डिस्क्लेमर भरा, म्हणजे नवं पेटंट जुन्याच्या मुदतीपुढे जाणार नाही असं लिहून द्या, आणि पुढे चला.

बहुतेक वेळा वकिलांचं बरोबर असतं. पण सही करण्याआधी दोन गोष्टी बघितल्याच पाहिजेत: क्लेम (पेटंटची हद्द ठरवणारी वाक्यं) कुठल्या दिशेने बदललेत आणि पुढेमागे मालकी कोणाकडे जाणार आहे. मी पुण्यात बसून अमेरिकी वकिलांसाठी ऑफिस ॲक्शनच्या (एक्झामिनरच्या हरकतींच्या पत्रांच्या) उत्तरांचे मसुदे करतो, त्यात ग्राफिक्सचे अर्ज बरेच असतात. तिथला वकील मी नव्हे, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या वकिलांचा.

आधी प्रकार कुठला ते बघा. नकार अमेरिकी पेटंट कायद्याच्या कलम १०१ खाली असेल तर एक्झामिनरच्या मते दोन्ही क्लेम तंतोतंत एकच आहेत, आणि तिथे डिस्क्लेमर चालतच नाही. क्लेम बदला किंवा काढा. पण एका क्लेमचं उल्लंघन झालं आणि दुसऱ्याचं झालं नाही अशी एक जरी परिस्थिती दाखवता आली, तरी ते 'तंतोतंत एकच' राहत नाहीत. ग्राफिक्समध्ये हा प्रकार क्वचित दिसतो. तुमच्या पत्रात बहुधा ते ठरलेलं वाक्य असेल: क्लेम एकसारखे नसले तरी पेटंटच्या दृष्टीने वेगळे नाहीत. हा दुसरा प्रकार कायद्याच्या पुस्तकात नाही, न्यायालयांनी घडवलेला आहे. हेतू दोन: एकाच शोधावरची मक्तेदारी लांबू नये, आणि एकाच गोष्टीसाठी दोन वेगळ्या मालकांनी कोणाला कोर्टात खेचू नये.

पहिल्या हेतूतली हवा आता बरीचशी गेलीय. ८ जून १९९५ च्या आधी केलेल्या अर्जांवर पेटंटची १७ वर्षं मंजुरीपासून मोजली जात, त्यामुळे कंटिन्युएशनची साखळी लावून मुदत ताणता यायची. आता २० वर्षं मूळ अर्जाच्या तारखेपासून, म्हणजे कंटिन्युएशन तसंही मूळ पेटंटबरोबरच संपतं. उरतात ते टर्म ॲडजस्टमेंटचे दिवस, पेटंट ऑफिसने लावलेल्या उशिराची भरपाई म्हणून मिळालेले. डिस्क्लेमर भरला की ते जातात. औषध कंपनीसाठी त्या दिवसांची किंमत प्रचंड असते. वीस वर्षांपूर्वीचं शेडिंगचं (पिक्सेलचा रंग-उजेड ठरवण्याचं) तंत्र मात्र तेव्हा कोण वापरत असेल, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

आता क्लेमची दिशा. समजा जुना क्लेम असा आहे: पडद्याचे टाइल पाडा, प्रत्येक टाइलमध्ये येणारे त्रिकोण वेगळे काढा, खोली तपासून झाकले गेलेले पिक्सेल गाळा, उरलेल्यांचं शेडिंग करा, आणि शेडिंगचा दर त्या टाइलमधल्या हालचालीवरून ठरवा. नव्या क्लेममध्ये हालचालीची अट काढून टाकली, बाकी सगळं तेच. मग नवा क्लेम रुंद झाला आणि जुना अख्खा त्याच्या पोटात बसला. इथे वाद घालू नका, वेळ आणि पैसे दोन्ही वाया जातात.

उलटं असेल तर गंमत आहे. जुन्यात फक्त टाइल आणि खोली, नव्यात हालचालीवरून दर ठरवण्याची अट. आता ही जास्तीची पायरी का सहज सुचण्यासारखी होती, हे एक्झामिनरला दाखवावं लागतं. दुसरा एखादा जुना दस्तऐवज आणून किंवा नीट कारण देऊन. आणि नेमक्या याच जागी मला एक चूक वारंवार दिसते. एक्झामिनर तुमच्याच जुन्या पेटंटच्या वर्णनातला परिच्छेद उचलतो, 'इथे मोशन व्हेक्टरचा (हालचाल मोजणाऱ्या आकड्यांचा) उल्लेख आहे, म्हणून हे उघडच होतं' म्हणतो. हे चालत नाही. डबल पेटंटिंगमध्ये तुलना क्लेमशी क्लेमची. वर्णन बघायचं ते जुन्या क्लेममधल्या शब्दाचा अर्थ लावायला, किंवा त्या क्लेमच्या कक्षेत काय काय बसतं ते समजायला. ते पूर्वज्ञान म्हणून वापरता येत नाही. तुमचा दुसरा अर्ज कंटिन्युएशन असल्यामुळे वर्णन दोन्हीकडे एकच असणार, म्हणजे ही चूक व्हायला मोकळं रान. मी असं उत्तर लिहिताना दोन्ही क्लेम शेजारी-शेजारी ठेवतो आणि एक्झामिनरच्या तक्त्यातल्या ज्या ओळीत क्लेमचा आकडा नसून परिच्छेदाचा आहे, तिथे बोट ठेवतो.

पद्धत, यंत्र आणि स्टोरेज मीडिया हे तीन वेगळे क्लेम आहेत, एवढ्यावर मात्र विसंबू नका. 'प्रोसेसरऐवजी जीपीयू' हाही युक्तिवाद म्हणून फार लटका.

अजून एक तपासा, पेटंट सेंटर या अमेरिकी पेटंट ऑफिसच्या साइटवर जुन्या अर्जाची फाइल उघडून: एक्झामिनरने तेव्हा रिस्ट्रिक्शन लावून क्लेम वेगळे करायला सांगितले होते का? तसं असेल आणि बाजूला काढलेल्या क्लेमवर डिव्हिजनल अर्ज केला असेल, तर कलम १२१ खाली जुनं पेटंट तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. हे संरक्षण डिव्हिजनललाच आहे. तोच अर्ज 'कंटिन्युएशन' म्हणून भरला असेल, तर ते हातचं गेलं.

मालकीचं कलम लोक वाचतच नाहीत. डिस्क्लेमरमध्ये तुम्ही लिहून देता की ही दोन पेटंटं एकाच मालकाकडे असतील तोवरच नवं पेटंट बजावता येईल. स्टार्टअप विकताना इंजिनवरचं पेटंट एकाला, हार्डवेअरवरचं दुसऱ्याला, असं होतं. मग डिस्क्लेमर दिलेलं पेटंट नुसता कागद. एक पेटंट फक्त कंपनीचं आणि दुसरं विद्यापीठाबरोबर भागीदारीत असेल, तर संयुक्त संशोधन करार असल्याशिवाय साधा डिस्क्लेमर बसतही नाही. आणि एकदा पेटंट मंजूर झालं की डिस्क्लेमर मागे घेण्याची वाट जवळजवळ बंद.

डिस्क्लेमर भरला म्हणजे 'आमचा शोध वेगळा नाही' अशी कबुली दिली असं होत नाही, हे फेडरल सर्किटने (पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या अमेरिकी न्यायालयाने) १९९१ मध्येच सांगितलंय. पण २०१८ च्या सिंपलएअर विरुद्ध गूगल प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं, की क्लेम फारसे वेगळे नसल्याचा तो ठळक इशारा आहे. एका पेटंटवरचा दावा हरलात तर दुसऱ्यावरच्या दाव्यात हे आडवं येऊ शकतं.

त्याच न्यायालयाचा सेलेक्ट कंपनीच्या प्रकरणातला निकालही माहीत असू द्या. इमेज सेन्सरवरची चार पेटंटं, ऑगस्ट २०२३ मध्ये डबल पेटंटिंगमुळे गेली, कारण टर्म ॲडजस्टमेंटचे वाढीव दिवस धरूनच शेवटची तारीख मोजायची असं ठरलं. तोवर मुदती संपून गेल्याने डिस्क्लेमर भरायलाही जागा उरली नव्हती. वर्षभरात अलर्गन प्रकरणात थोडा दिलासा मिळाला: आधी अर्ज केलेलं आणि आधी मंजूर झालेलं पेटंट त्याच कुटुंबातल्या नंतरच्या पेटंटमुळे रद्द होत नाही. तुमच्या जुन्या पेटंटला वाढीव दिवस मिळाले असतील तर ते सुरक्षित आहेत. नव्याला मिळाले तर प्रश्न.

भारतात हाच अर्ज असेल तर टर्मिनल डिस्क्लेमर नावाची सोय नाही. सुधारणेसाठी कलम ५४ खाली 'पेटंट ऑफ ॲडिशन' मागता येतं. ते मूळ पेटंटबरोबरच संपतं आणि त्याला वेगळं नूतनीकरण शुल्क नाही. रेंडरिंगवाल्यांना इथे त्याआधी कलम ३(के) (नुसत्या संगणक प्रोग्रामला पेटंट न देणारं) पार करायचं असतं, तो वेगळाच विषय.

उत्तरात 'हा मुद्दा सध्या बाजूला ठेवा' एवढंच लिहून पाठवू नका. काही एक्झामिनर चालवून घेतात, पण नियमाप्रमाणे ते अपूर्ण उत्तर आहे. एकतर वेगळेपण दाखवा किंवा डिस्क्लेमर भरा. मुदत तीन महिन्यांची, जादा शुल्क भरून सहापर्यंत वाढते, पण तीन महिन्यांनंतरचा प्रत्येक दिवस तुमच्या टर्म ॲडजस्टमेंटमधून वजा होतो.