एअरबसमध्ये जॉयस्टिक आणि बोइंगमध्ये स्टिअरिंग असं का? आणि सुरक्षित कोणतं?

तुमचा प्रश्न असा आहे की एअरबसच्या कॉकपिटमध्ये व्हिडिओ गेमसारखी जॉयस्टिक असते, मग बोइंगने ते मोठं स्टिअरिंगसारखं हँडल अजून का ठेवलंय, आणि दोन्हींत सुरक्षित कोणतं. मी वैमानिक नाही, विमानांच्या देखभालीत काम करतो. पण कंट्रोल तपासताना दोन्हीकडच्या सीटवर बसावं लागतं, त्यामुळे हाताला दोन्हींची सवय आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. हा फरक दोन कंपन्यांच्या जन्मापासूनचा नाही. एअरबसच्या ए३०० आणि ए३१० या पहिल्या विमानांत योकच होतं (त्या स्टिअरिंगला योक म्हणतात). साइडस्टिक (सीटच्या बाजूची ती जॉयस्टिक) आली ती १९८७ मध्ये उडालेल्या ए३२० बरोबर. डिजिटल फ्लाय-बाय-वायर (वैमानिकाचा हुकूम केबलऐवजी कॉम्प्युटर आणि विजेच्या तारांतून नेणारी पद्धत) असलेलं हे पहिलं प्रवासी विमान. त्यामागे आग्रह होता बर्नार्ड झिग्लर यांचा. ते लढाऊ वैमानिक होते आणि एअरबसचे इंजिनिअरही. बोइंगने फ्लाय-बाय-वायर आणलं १९९४ मध्ये उडालेल्या ७७७ मध्ये, पण योक तसंच ठेवलं. म्हणजे ७७७ मध्येही योकपासून पंखापर्यंत केबल जवळजवळ नाहीतच, बहुतेक सगळा कारभार कॉम्प्युटरमार्फतच. ७३७ ची गोष्ट वेगळी. तिथे अजून खऱ्याखुऱ्या स्टीलच्या केबल आहेत. हायड्रॉलिक प्रेशर नसताना ७३७ चं योक हलवून पाहा, दंड भरून येतात. ए३२० ची साइडस्टिक मात्र विमान पूर्ण थंड असतानाही तेवढीच हलकी, कारण तिच्या बुडाशी स्प्रिंग आणि सेन्सर यांपलीकडे फारसं काही नाही.

त्यामुळे आकारात अडकू नका. बघायचं ते हे की विमान आणि शेजारचा वैमानिक काय करतोय, हे तुमच्या हाताला कळतं की पडद्यावर वाचावं लागतं.

बोइंगमध्ये दोन्ही योक एकमेकांना जोडलेली असतात. डावीकडच्याने ओढलं की उजवीकडचंही पोटाकडे येतं. ऑटोपायलट चालू असेल तर दोन्ही आपोआप हलतात. ७७७ मध्ये तर त्यासाठी मुद्दाम मोटरी बसवल्या आहेत, नाहीतर तिथे योक हलण्याचं काही कारणच नव्हतं. एअरबसच्या दोन साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नाहीत. कॅप्टनची डाव्या हाताशी, को-पायलटची उजव्या हाताशी. दोघांनी एकदम हलवल्या तर कॉम्प्युटर दोन्ही इनपुटची बेरीज करतो (एका स्टिकच्या कमाल मर्यादेपर्यंत) आणि ‘ड्युअल इनपुट’ असा आवाज येतो. पूर्ण ताबा हवा असेल तर स्टिकवरचं लाल बटण दाबून धरायचं.

स्टिक सोडल्यावर काय होतं, तिथेही विचार वेगळा आहे. नेहमीच्या उड्डाणात ए३२० चा नाकाचा कोन ठरवून स्टिक सोडली की विमान त्याच मार्गावर राहतं, ट्रिम (हाताने जोर न लावता विमान तोलून ठेवणं) कॉम्प्युटर स्वतः करतो. ७७७ मध्ये ट्रिम ठरावीक वेगासाठी असतो. वेग बदलला की हाताला जोर लागतो आणि अंगठ्याने ट्रिम करावं लागतं. विमान एका अंगावर कलवलं तर एअरबस ६७ अंशांच्या पुढे जाऊच देत नाही, आणि ३३ च्या पुढे असताना स्टिक सोडली तर परत ३३ वर येतं. ७७७ सुमारे ३५ अंशांनंतर योकला विरोध करतं, पण वैमानिकाने जोर लावलाच तर पुढे जाऊ देतं. ‘बोइंगचा वैमानिकावर विश्वास, एअरबसचा कॉम्प्युटरवर’ हे वाक्य इथूनच आलंय. मला ते अर्धवट वाटतं, कारण सेन्सर बिघडले की एअरबसचे बहुतेक पहारे आपोआप उठतात आणि सगळं वैमानिकावरच येतं.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा फरक मात्र तुम्ही विचारलेलाच नाही. तो म्हणजे थ्रस्ट लिव्हर. बोइंगमध्ये ऑटोथ्रॉटल इंजिनची ताकद कमी-जास्त करतं तेव्हा लिव्हर स्वतः पुढे-मागे सरकतात. तळहात त्यांवर ठेवला की न बघता कळतं. एअरबसमध्ये लिव्हर खाचेत ठेवायचे. टेकऑफनंतर ‘क्लाइंब’च्या खाचेत गेले की सहसा उतरेपर्यंत तिथेच. इंजिन खाली-वर होत राहतं, लिव्हर ढिम्म. जमीन जेमतेम वीस फूट उरली की विमानच ‘रिटार्ड, रिटार्ड’ म्हणून ते मागे घ्यायची आठवण करतं. यात मी बोइंगच्या बाजूचा आहे. फुकट मिळणारी माहिती का टाकायची?

आता सुरक्षिततेचं. १ जून २००९ ला एअर फ्रान्स ४४७ हे ए३३० अटलांटिकमध्ये पडलं, २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला, स्टॉलपासून (पंखांची उचल संपून विमान पडू लागण्यापासून) वाचवणारं संरक्षण गेलं, आणि उजवीकडचा वैमानिक स्टिक मागे ओढत राहिला. शेजाऱ्याला ते वेळेत लक्षात आलं नाही. योक असतं तर ते त्याच्या मांडीशीच आलं असतं, असं योकवाले म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

पण मग ६ जुलै २०१३ चं सॅन फ्रान्सिस्को बघा. एशियाना २१४, बोइंग ७७७. ऑटोथ्रॉटल ‘होल्ड’ मोडमध्ये होतं, म्हणजे ते लिव्हरना हातच लावत नव्हतं. लिव्हर मागे, इंजिन आयडलवर (किमान ताकदीवर), वेग १३७ नॉट असायला हवा तो १०३ पर्यंत घसरला. कॉकपिटमध्ये तीन वैमानिक होते आणि लिव्हर सगळ्यांच्या समोर होते. तीन प्रवासी दगावले. ७३७ मॅक्सच्या २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांतही दोन सीटच्या मधलं ट्रिम व्हील (ट्रिमचं चाक) खडखडत फिरत होतंच. हलणारं हँडल काय होतंय ते सांगतं, का होतंय ते सांगत नाही. त्यांतल्या पहिल्या, लायन एअरच्या वैमानिकांना तर ते चाक फिरवून नाक खाली दाबणारी एमकॅस नावाची यंत्रणा विमानात आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा ‘सुरक्षित कोणतं’ याचं उत्तर मी साइडस्टिक किंवा योक असं देणार नाही. दोन्ही प्रकारची विमानं रोज हजारोंनी सुखरूप उतरतात. एकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या वैमानिकाला नवं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी) घ्यावंच लागतं, आणि सिम्युलेटरमध्ये या सवयीच मोडून नव्या लावतात.

शिवाय जग या दोघांपुरतं नाही. एम्ब्रेअरच्या ई-जेटमध्ये बैलाच्या शिंगांसारखं योक आहे, आणि नव्या ई२ मध्ये पूर्ण फ्लाय-बाय-वायर आलं तरी ते शिंग राहिलंच. ए२२० वर आज एअरबसचं नाव आहे, पण ते मुळात बॉम्बार्डिएचं सी-सिरीज. म्हणून त्यात साइडस्टिक आहे आणि थ्रस्ट लिव्हर मात्र बोइंगसारखे हलतात. माझ्या मते ही जोडी सर्वांत शहाणी. रशियाच्या सुखोई सुपरजेटमध्येही असंच.

न जोडलेल्या स्टिकवरही इलाज निघालाय. त्याला अ‍ॅक्टिव्ह साइडस्टिक म्हणतात. आत मोटर असते, त्यामुळे एक हलवली की दुसरी हलते आणि ऑटोपायलटची हालचालही हाताला लागते. गल्फस्ट्रीम जी५०० या बिझनेस जेटमध्ये ती आहे, रशियाच्या एमसी-२१ साठीही तीच निवडली. ए३५० सारख्या तुलनेने नव्या विमानात मात्र एअरबसने जुनी, न जोडलेलीच ठेवली. ए३२० पासून सगळ्या विमानांची कॉकपिट एकसारखी असली की वैमानिकांचं प्रशिक्षण आटोपशीर राहतं, हे त्यामागचं मोठं कारण.