पाप पदरी घ्यायचं ते कधी?

प्रश्न: ताई, प्रभूच्या नावाने सलाम. मी चार वर्षं आमच्या चर्चच्या महिला मंडळाची खजिनदार आहे. जूनमध्ये मुलीच्या डिप्लोमाच्या ॲडमिशनला पैसे कमी पडले म्हणून मंडळाच्या डब्यातले सहा हजार घेतले, मिस्टरांचा पगार झाला की टाकू म्हणून. ते राहूनच गेलं आणि सप्टेंबरच्या मीटिंगला हिशोब मागितला तेव्हा मी वहीत 'संडे स्कूल खर्च' (म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाचा खर्च) असं लिहून टाकलं. रोज रात्री देवाजवळ रडून माफी मागते. देवाने माफ केलं असेल तर माणसांना सांगायची गरज आहे का? की गुपचूप पैसे भरून टाकू? लेंट (ईस्टरआधीचा उपास-प्रार्थनेचा काळ) सुरू झालं की पाळकसाहेबांना सांगावं असंही मनात येतं, तेव्हा वातावरण पण तसं असतं.
(एक बहीण, नगर जिल्हा)

उत्तर: ताई, सलाम. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि त्यातला एक शब्द मला फार लागला, 'राहूनच गेलं'. कारण बघा ना, जूनमध्ये तुमच्याकडून झालं ते उसनवारीच्या जवळपासचं होतं, विचारलं नव्हतं म्हणून चूकच, पण जुलैमध्ये मंडळात उठून "बायांनो, अडचण होती, घेतले, महिन्याला हजार परत देईन" म्हणाला असतात तर दहा मिनिटांत विषय संपला असता. सप्टेंबरमध्ये त्याच सहा हजारांसाठी खोटं लिहावं लागलं. आता ते झाकायला आणखी काहीतरी करावं लागणार, वार्षिक हिशोब येईल, कुणीतरी संडे स्कूलच्या टीचरला सहज विचारेल आणि मग ती बिचारी खोटी ठरेल. पाप ठेवून दिलं की ते जागच्या जागी बसून राहत नाही हो.

योहानाच्या पहिल्या पत्रात १:९ मध्ये आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, किती सुंदर शब्द आहेत, पापे 'पदरी घेतली' तर. मला हा शब्द फार आवडतो. पदरी घेणं म्हणजे नुसतं "हो, झालं खरं" म्हणणं नाही, हे माझं आहे, मीच केलंय, असं म्हणून ते स्वतःच्या पदरात घ्यायचं. तुमचं पाप आज कुठे आहे सांगा? ते संडे स्कूलच्या नावावर पडलंय. रात्री तुम्ही रडता ते खोटं आहे असं मी मुळीच म्हणत नाही, देव ते रडणं ऐकतोच, पण वहीतली ती ओळ तशीच ठेवून मागितलेली माफी मनाला लागत नाही, म्हणूनच तर रोज रात्री पुन्हा मागावी लागतेय ना.

दावीद राजाचं बघा. दुसऱ्याची बायको बथशेबा, तिचं प्रकरण झालं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला मारवलं, आणि नाथान संदेष्टा आला तोपर्यंत मूल जन्मलेलं होतं, म्हणजे कमीत कमी नऊ महिने हा माणूस गप्प होता. राज्य चाललंय, दरबार भरतोय, आणि आत काय चाललं होतं ते ३२ व्या स्तोत्रात वाचा, गप्प राहिलो तेव्हा हाडं झिजली, अंगातला रस उन्हाळ्यात सुकावा तसा सुकला. आपल्या नगरकडे एप्रिल-मेमधली विहीर ज्याने वाकून बघितलीय त्याला हे वेगळं समजवायला नको. आणि शेवटी तोंडातून निघालं ते एकच वाक्य, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं. त्याच्या आधीचा शौल राजापण देवाची आज्ञा मोडल्यावर तेच म्हणाला होता की, पण आधी लोकांवर ढकललं आणि नंतर म्हणतो निदान वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राखा. दाविदाने मान-बिन काही मागितला नाही.

आता पैसे गुपचूप भरण्याबद्दल. लेवीय सहाव्या अध्यायात अगदी तुमच्यासारखीच केस आहे, विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू कुणी दाबली आणि वर खोटं बोलला तर काय करायचं. मूळ रक्कम परत, वर पाचवा हिस्सा, आणि तेसुद्धा ज्या दिवशी दोषार्पण आणायचं त्याच दिवशी. तुमचा हिशोब केला तर सहा हजार आणि बाराशे, सात हजार दोनशे. आपण मोशेच्या नियमशास्त्राखाली नाही, ते मला माहीत आहे, बाराशे भरल्याने क्षमा मिळते असंही नाही, क्षमा वधस्तंभावर आधीच विकत घेतलेली आहे. पण जकातदार जक्कय येशूला घरात घेतल्यावर, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट द्यायला उठला तो कुणी सांगितलं म्हणून उठला नव्हता. आणि प्रभूने मत्तय पाचमध्ये सांगितलं की अर्पण वेदीपाशी राहू दे, आधी जाऊन भावाशी समेट कर. अर्पण तिथेच ठेवून जा म्हणाला, सण झाल्यावर बघू असं म्हणाला नाही.

आणि लेंटची वाट बघू नका, कळकळीने सांगते. प्रेषितांच्या कृत्यांच्या २४ व्या अध्यायात फेलिक्स सुभेदार त्याच्या कैदेत असलेल्या पौलाचं ऐकून घाबरला आणि म्हणाला, सवड झाली की बोलावतो. दोन वर्षं गेली, तो बोलवत होता, गप्पा मारत होता, लाचेची आशा धरून होता, पण ती सवड काही झाली नाही.

हे मी वरून बोलत नाहीये. मी शाळेत शिकवायचे तेव्हाची गोष्ट. एकदा प्रयोगशाळेला कुलूप लावायचं मी विसरले आणि दोन मायक्रोस्कोप गेले. मेमो मिळाला शिपाईमामांना. मी अकरा दिवस गप्प होते, रोज प्रार्थना करत होते बरं का. बाराव्या दिवशी हेडमास्तरांना सांगितलं, मग मामांकडे गेले. ते जिना पुसत होते, फडकं बादलीत पिळून कडेवर नीट वाळत टाकलं आणि म्हणाले, "मॅडम, त्याच दिवशी बोलला असता तर बरं झालं असतं, माझ्या पोराने बाहेर ऐकलं, बाप कामचुकार आहे म्हणून." मेमो रद्द झाला, पण त्या पोराचे अकरा दिवस मी परत देऊ शकले नाही. आपण उशीर करतो ना, त्याची किंमत बऱ्याच वेळा दुसराच कुणीतरी भरत असतो.

तर आज मिस्टरांना सांगा. उद्या अध्यक्षाबाईंच्या घरी जा, वही घेऊन जा, त्यांच्यासमोर ती ओळ कापा आणि खरं काय ते लिहून खाली सही करा. अडचणीची कहाणी आधी लावू नका, आधी "मी घेतले आणि खोटं लिहिलं" एवढं म्हणा. मंडळाला कसं सांगायचं ते त्या आणि पाळकसाहेब ठरवतील. मंडळाचे पैसे आहेत म्हणजे मंडळाला कळायला हवं, पण सगळ्या चर्चला स्टेजवरून सांगायची काही गरज नाही, जेवढ्यांचं नुकसान तेवढ्यांसमोर कबुली. खजिनदारपद जाईल बहुतेक. जाऊ द्या. काही बाया बोलतील, ते सोसावं लागेल, आणि मंडळातल्या वाचक भगिनींनो, तुमच्याकडे असं कुणी आलं तर कृपा करून तिला चहा द्या, तिच्याबरोबर प्रार्थना करा आणि व्हॉट्सॲपवर काही टाकू नका.

केडगावला मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या मुलींमध्ये जी जागृती झाली त्यात मुली रडून मोठमोठ्याने आपापली पापं कबूल करत होत्या, आणि त्याच मुलींचा आनंदही तेवढाच मोठा होता असं आपण ऐकत आलोय. तो आनंद तुमच्यासाठी पण आहे ताई.

प्रश्न: मी २१ वर्षांचा आहे. मोबाईलवर नको ते बघायची सवय आहे. दर वेळी पश्चात्ताप करतो, चार दिवसांनी परत तेच. आता देवाकडे जायचीच लाज वाटते, आठवडाभर प्रार्थना पण करत नाही. आधी सुधारू आणि मग जाऊ का?

उत्तर: नाही रे बाळा. बापाचे पैसे उडवून डुकरं राखायची वेळ आलेल्या उधळ्या पुत्राने आंघोळ करून नवे कपडे घालून बापाकडे जायचं ठरवलं असतं तर तो अजून डुकरांतच बसला असता. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं आणि त्याच रात्री बाहेर जाऊन रडला, पैसे घेऊन प्रभूला धरून देणाऱ्या यहूदालाही वाईट वाटलं होतं, पैसे परत नेऊन टाकले त्याने, पण तो प्रभूकडे गेला नाही. भाऊ दिवसातून सातदा चुकून सातदा माफी मागत आला तरी क्षमा करा असं प्रभू आपल्याला सांगतो, मग तो स्वतः चौथ्या वेळी दार लावेल का? पडलास की त्याच मिनिटाला बोल, आठवडा घालवू नकोस, त्या आठवड्यातच तू आणखी पडतोस. आणि हे एकट्याने पेलत नाही. याकोब ५:१६ सांगतो तसं एका विश्वासू माणसाला सांग, यूथमधला दादा असेल किंवा पाळकसाहेब. फोन रात्री दहाला आईच्या खोलीत चार्जिंगला लाव, आजपासूनच, आणि ती का म्हणून विचारेल तेव्हा खरं सांग.