शेजाऱ्याचा फ्लडलाइट रात्रभर आमच्या बेडरूममध्ये येतो. याविरुद्ध काही नियम असतात का?

असतात, पण जागोजागी वेगळे. कुठे बांधकामाच्या नियमांत एखादं कलम असतं, कुठे हा प्रकार 'उपद्रव' या सदरात मोडतो. इंग्लंडमध्ये २००६ पासून दिव्याचा त्रासदायक उजेड हा कायद्यानेच उपद्रव धरला जातो. त्यामुळे तुमच्या स्थानिक प्रशासनाकडे 'दिव्यांचे नियम' एवढंच विचारू नका, उपद्रवाचेही विचारा.

नियम कुठलाही असो, तो 'मला झोप लागत नाही' यावर सहसा चालत नाही. दिव्याचं तोंड कुठे आहे, त्याला आडोसा आहे का, तो किती वाजेपर्यंत चालू असतो आणि हद्दीपलीकडे किती लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेड पडतो, हे बघितलं जातं. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत उपनगरी वस्तीतल्या खिडकीसाठी संध्याकाळी १० लक्स आणि रात्री ठरावीक वेळेनंतर २ लक्स अशी मर्यादा सुचवली आहे. पौर्णिमेचं चांदणं फार तर ०.३ लक्स भरतं, म्हणजे २ लक्स काही काळोख नव्हे.

मोजायचं तर लक्स मोजणारा मीटर जमिनीवर ठेवू नका. खिडकीच्या काचेला समांतर, सेन्सर बाहेरच्या बाजूला करून उभा धरा. एकदा दिवा चालू असताना मोजा, एकदा बंद असताना. दोन्हींतला फरक तो शेजाऱ्याचा. मोबाईलचं ॲप अंदाजापुरतं ठीक, तक्रारीला जोडू नका.

मीही यातून गेलोय. आमच्या छतावर पडद्याच्या फटीतून पांढरी पट्टी उमटायची. मी तावातावाने अर्ज लिहून ठेवला होता. मग एका रात्री शेजाऱ्यांनाच आत बोलावलं आणि पलंगावर बसवलं. "अहो, हा आमचा दिवा?" म्हणाले. त्यांना खरंच कल्पना नव्हती, कारण त्यांच्या बाजूने तो दिवा दिसतच नव्हता. दुसऱ्या दिवशी ब्रॅकेटचा नट ढिला करून दिव्याचं तोंड खाली वळवलं. त्यांचं अंगण उलट जास्तच उजळलं, इतके दिवस अर्धा उजेड आमच्या भिंतीवर वाया जात होता ना! पुढे त्यांनी हालचाल टिपणारा सेन्सरही बसवला, पण तो मांजर गेलं तरी पेटतो, त्यामुळे त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका.

तुमचे शेजारी ऐकणारे नसतील, तर आठवडाभर तारीख, वेळ आणि खोलीतून काढलेले फोटो लिहून-जपून ठेवा आणि मगच अर्ज द्या.