दुसऱ्या वर्षाचं इंजिन बसवलं, आरसीवर जुनाच नंबर

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझी २००७ ची स्कॉर्पिओ आहे, २.६ सीआरडीई. २०२२ साली पाच वर्षांसाठी रिपासिंग करून घेतलं. मागच्या उन्हाळ्यात कुंभार्ली घाट चढताना रेडिएटरमधलं पाणी संपून इंजिन जाम झालं. गॅरेजवाला म्हणाला, बोअर-पिस्टनच्या कामापेक्षा तयार इंजिन स्वस्त पडेल. त्याने २००९ च्या गाडीतून काढलेलं इंजिन बसवून दिलं. बिल साध्या कागदावर आहे, त्यावर फक्त ‘इंजिन व मजुरी’ एवढंच लिहिलंय. गाडी छान चालते. आता विकायला काढली आणि इसारही घेतला. पण गिऱ्हाइकाच्या एजंटाने इंजिन नंबरचा छाप घेतला, तर तो आरसीशी जुळत नाही. गॅरेजवाला म्हणतो, “ग्राइंडर मारून तुमचा जुना नंबर पंच करून देतो.” करून घेऊ का? माझ्यावर गुन्हा होईल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नंबर पंच करून घेऊ नका. हे वाचून झाल्यावर पहिला फोन गॅरेजवाल्यालाच करा आणि इंजिनच्या ब्लॉकला हात लावायचा नाही असं बजावून सांगा. आतापर्यंत तुमच्याकडून झालं आहे ते एवढंच की इंजिन बदललं आणि आरटीओला कळवलं नाही. हे निस्तरता येतं. पण नंबर घासून त्यावर दुसरा ठोकलात आणि ती गाडी विकलीत, की प्रकरण मोटार वाहन कायद्यातून उठून फसवणूक आणि बनावटीच्या कलमांत जातं, आणि मग “मला माहीत नव्हतं” म्हणायची सोय राहत नाही. शिवाय ते लपतही नाही. कंपनीचे आकडे एका मापाचे, एका रेषेत, सारख्या खोलीचे असतात. हाताने ठोकलेले पुढेमागे होतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्ल लावून घासलेला मूळ नंबर बऱ्याचदा पुन्हा वाचता येतो.

आता मुख्य गोष्ट. २००९ चं इंजिन म्हणजे नेमकं कोणतं? तुमच्या पत्रात हे नाही, आणि सगळा निकाल यावर आहे. स्कॉर्पिओत २.६ लिटरच्या सीआरडीई इंजिनाची घनक्षमता २६०९ सीसी. त्याच सुमारास या गाडीत एमहॉक इंजिन आलं, ते २१७९ सीसीचं. त्यामुळे नुसत्या सालावरून काही ठरत नाही. दुसऱ्या, माहीतगार फिटरकडून बॉनेट उघडून पाहून घ्या. ब्लॉकवरच्या नंबराचा स्पष्ट फोटो काढा आणि तो नंबर कोणत्या इंजिनाचा आहे हे कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी मिळतंय का पाहा.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मूळ जे तपशील ठरवले त्यांच्याशी आरसीवरचे तपशील विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे सांगितला. आता कोणी म्हणेल, त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘फेरफार’ म्हणजे गाडीचं मूलभूत वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतला बदल. मग त्याच प्रकारचं इंजिन घातलं तर तो फेरफार कसा? युक्तिवाद म्हणून यात दम आहे आणि गरज पडली तर तो करावा. पण त्याच्यावर विसंबून घरी बसू नका. मंजुरीशिवाय बदल झाला असेल तर १४ दिवसांत कळवा आणि आरसी नोंदीसाठी द्या, असं हेच कलम सांगतं, आणि त्यात इंजिन बदलण्याचा उल्लेख आहे. पूर्वमंजुरीशिवाय त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन घालायची जी मोकळीक आहे, ती शासनाने अधिसूचना काढून द्यायची असते, आणि तीही किमान दहा व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकांना. तुमच्या एका घरगुती गाडीला ती लागू नाही.

शिक्षेचं म्हणाल, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ(४) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. याहून मोठी भीती मला कलम ५५(५) ची वाटते. गाडीवरचा इंजिन किंवा चेसिस नंबर आरसीपेक्षा वेगळा आढळला तर नोंदणीच रद्द होऊ शकते. मात्र त्याआधी नोटीस देऊन तुमचं म्हणणं ऐकून घेणं आरटीओवर बंधनकारक आहे. नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नका, मुदतीत लेखी उत्तर द्या. स्वतःहून अर्ज केलेला असेल तर तेच तुमचं सगळ्यात भक्कम उत्तर असेल.

तेव्हा इंजिन २.६ चंच निघालं तर गाडीच्या फेरफाराचा अर्ज करा. उशीर का झाला हे प्रतिज्ञापत्रात सरळ लिहा, तारीख मागेपुढे करू नका. खरं काम आहे ते इंजिन कुठून आलं हे दाखवण्याचं. गॅरेजवाल्याकडून नवीन इंजिनाचा नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. त्याने ज्या भंगारवाल्याकडून किंवा मालकाकडून ते घेतलं त्याचं बिल, आणि ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत किंवा नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. तो नंबर अजून दुसऱ्या कोणाच्या चालू आरसीवर असेल तर तुमची नोंद अडकेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या ऑनलाइन सेवेवर इंजिन नंबर टाकून ते चोरीच्या गाडीचं आहे का तेही तपासा आणि त्याची प्रिंट अर्जाला जोडा.

तिथे चोरीची नोंद दिसली, तर गाडी वापरणं तिथल्या तिथे थांबवा, वकील सोबत घ्या आणि पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन लेखी माहिती द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल जाणूनबुजून किंवा तसं मानायला कारण असताना अप्रामाणिकपणे बाळगण्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कळल्यानंतर गप्प राहिलात तर तुमचा प्रामाणिकपणा सिद्ध करणं फार कठीण जाईल.

इंजिन एमहॉक निघालं तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. आरसीवर २६०९ आणि बॉनेटखाली २१७९, ही विसंगती नोंदीने मिटेल असं मला वाटत नाही. मग मार्ग दोनच : कागदपत्रांसह २.६ चंच इंजिन मिळवून परवानगी घेऊन बसवायचं, नाहीतर तुमचं मूळ इंजिन दुरुस्त करून परत घालायचं. मला दुसरा अधिक पसंत आहे. ब्लॉक शाबूत असेल तर बोअर करून, स्लीव्ह-पिस्टन घालून तो उभा राहतो, आणि नंबर तोच असल्यामुळे नोंदीचा प्रश्नच उरत नाही.

म्हणूनच विचारते, तुमचं जुनं इंजिन आहे कुठे? ही चौकशी तुम्ही केलेली दिसत नाही, आणि ती फार महत्त्वाची आहे. त्याच्यावरचा नंबर आजही तुमच्या नावावर आहे. उद्या तो ब्लॉक भलत्याच गाडीत सापडला तर पोलीस तुमच्याच दारात येतील. गॅरेजमध्ये पडून असेल तर उचलून घरी आणा. गॅरेजवाल्याने विकून टाकलं असेल तर कोणाला, कधी, हे त्याच्याकडून लेखी घ्या.

नोंद होताच विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नवा नंबर चढवून घ्या. अपघातानंतर सर्व्हेअर आधी चेसिस आणि इंजिन नंबर जुळवतो, आणि न जुळणारा नंबर म्हणजे गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला आयतं कारण. एक गैरसमजही काढून टाका : २००९ च्या इंजिनाने गाडी दोन वर्षांनी तरुण होत नाही. तिचं वय २००७ पासूनच मोजलं जाईल, आणि पुढचं रिपासिंग २०२७ मध्येच करावं लागेल.

गॅरेजवाल्याने कागद द्यायला टाळाटाळ केली तर वकिलामार्फत नोटीस पाठवा. सदोष सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातूनही तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. नंबर पंच करून देतो असं त्याने व्हॉट्सअॅपवर लिहिलं असेल तर तो मेसेज पुसू नका.

राहिलं गिऱ्हाईक. त्याला खरं काय ते आजच सांगा आणि नोंद होईपर्यंत मालकी हस्तांतरणाच्या नमुना २९ आणि ३० वर सही करू नका. तो थांबायला तयार असेल तर नवी मुदत दोघांच्या सहीने लिहून ठेवा. नसेल तर इसार पूर्ण परत करा, शक्यतो बँकेतून, आणि व्यवहार मिटल्याची पोच घ्या.