पहाटेचा पहिला सेल्फ : थंडीतल्या पिकअपविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पिंपळगाव बसवंत) : माझी डिझेल पिकअप सात वर्षांची आहे. डिसेंबर लागला की पहाटे चारला मार्केटला निघताना पाच-सहा सेल्फ मारावे लागतात, मग पांढरा धूर ओकत सुरू होते. दुपारी मात्र अर्ध्या सेल्फात चालू. मेकॅनिक म्हणतो, डिझेल पंप उतरवावा लागेल. उतरवू का?

उत्तर : इतक्यात नको. पंपाचं काम महाग असतं, आणि तुम्ही सांगता ती लक्षणं बहुतेक वेळा हीटर प्लगची किंवा बॅटरीची असतात. आधी ती दोन तपासा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टनने दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटतं. निफाड-पिंपळगावकडे पारा पाच-सहा अंशांवर आला की गार लोखंडच ती उष्णता ओढून घेतं. हीटर प्लग ती कमी भरून काढतात. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, तो विझल्यावरच सेल्फ मारायचा. पण दिवा विझला म्हणजे प्लग तापले, असं नव्हे. तो दिवा ठरावीक वेळाने विझतो. चारपैकी तीन प्लग मेलेले असले तरी बहुतेक गाड्यांत तो इमानेइतबारे लागतो आणि विझतो.

तपासणी घरी होते. इंजिन गार असताना प्लगच्या डोक्यावरची पट्टी किंवा वायर काढा. मल्टिमीटर सर्वांत खालच्या ओहमवर ठेवा. आधी त्याच्या दोन सुया एकमेकींना टेकवून आकडा बघा, समजा ०.३ आला. मग एक सुई प्लगच्या टोकाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. आलेल्या आकड्यातून ०.३ वजा केल्यावर साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी उरलं तर प्लग जिवंत. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली. चारही प्लग चांगले निघाले, तर चावी चालू करून पट्टीवर करंट येतो का बघा. येत नसेल तर फ्यूज किंवा रिले गेलेला असतो. प्लगला थेट बॅटरीची वायर लावून तो लाल होतो का पाहायची जुनी पद्धत नव्या गाड्यांत वापरू नका. त्यातले काही प्लग कमी व्होल्टवर चालतात आणि क्षणात जळतात.

बदलताना चारही एकदम बदला, कारण वय सगळ्यांचं सारखंच. इंजिन कोमट असताना, बुडाशी गंज सोडवणारं तेल मारून, हळू खोला. जोर करू नका. प्लग हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात तुटला तर हेड उतरवायची वेळ येते.

आता बॅटरी. पहाटे चावी लावण्याआधी व्होल्ट मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि इंजिनातलं ऑईलही घट्ट झालेलं असतं, म्हणून उन्हाळ्यात चालून गेलेली निम्मी बॅटरी इथे उघडी पडते. सेल्फ मारताना कुणाला तरी मीटर धरायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी संपत आली आहे. मात्र नवी घेण्याआधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पुसा, आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा. इंजिन ते चासी ही अर्थिंगची वायरही तेवढीच महत्त्वाची, आणि नेमकी तिच्याकडे कुणी बघत नाही. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. दोन-तीन मिनिटांत थांबत असेल तर घाबरू नका. तो थांबतच नसेल, गोडसर वास येत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट दाखवा. प्लग आणि बॅटरी दोन्ही ठीक निघाले, तरच कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, मोजून घ्या. पंपाची पाळी त्यानंतर.

प्रश्न (सटाणा) : जानेवारीत डाळिंब घेऊन दिल्ली आणि पुढे जम्मूकडे जायचं आहे. थंडीत डिझेल गोठतं म्हणतात. रॉकेल मिसळावं का?

उत्तर : रॉकेल अजिबात नको. डिझेल हेच पंप आणि इंजेक्टरचं वंगण असतं. रॉकेल पातळ, त्याने ते घासले जातात, आणि ही भेसळ बेकायदाही आहे.

डिझेल पाण्यासारखं एकदम गोठत नाही. त्यातलं मेण आधी वेगळं होतं, डिझेल गढूळ दिसतं आणि ते मेण फिल्टरच्या कागदावर बसतं. गाडी सुरू होते, चार-पाच किलोमीटर जाते आणि ओढ सोडून बंद पडते. आपल्याकडच्या मानकानुसार फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा हिवाळी डिझेलला ६ अंश आणि उन्हाळी डिझेलला १८ अंश आहे. म्हणजे ऑक्टोबरात भरून शेडमध्ये ठेवलेल्या ड्रमातलं डिझेल घेऊन जानेवारीत उत्तरेला जाणं धोक्याचं. टाकी रिकामी होत आणत ग्वाल्हेर-आग्र्याच्या पुढे तिथलंच डिझेल भरा, आणि पुढे जाल तसं भरत राहा. लडाखसाठी तर इंडियन ऑईलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं. आपल्या टाकीतलं डिझेल तिथे टिकणार नाही.

निघण्याआधी डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा. इंजिन बंद ठेवून खालचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि काचेच्या बाटलीत धरा. पाणी जड, ते तळाला बसतं. नुसतं डिझेल येऊ लागलं की स्क्रू आवळा आणि फिल्टरवर हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. रात्री अर्धी टाकी ठेवली तर मोकळ्या जागेतल्या हवेचं दव धरतं, म्हणून टाकी संध्याकाळीच भरावी. कूलंट निम्मं आणि शुद्ध पाणी निम्मं असेल तर उणे तीस अंशांच्याही खाली गोठत नाही. नुसतं पाणी असेल तर ते शून्यावर बर्फ होऊन ब्लॉक फोडू शकतं.

प्रश्न (दिंडोरी) : सकाळी गाडी किती वेळ गरम करावी? उन्हाळ्यात मेकॅनिकने थर्मोस्टॅट वॉल काढून टाकला होता.

उत्तर : अर्धा ते एक मिनिट पुरे. मग तापमानाचा काटा वर येईपर्यंत हळू चालवा. उभ्या गाडीत पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून डिझेल जातं आणि इंजिन नीट तापतही नाही.

वॉल मात्र आजच बसवा. तो नसला की कूलंट पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमध्ये फिरतं, थंडीत काटा वर चढतच नाही, ॲव्हरेज पडतं आणि ऑईलमध्ये ओल साचते. बीएस-६ गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर) असेल तर गार इंजिनात तो स्वतःची काजळी जाळू शकत नाही आणि तुंबतो.

प्रश्न (सायखेडा) : गोदाकाठचं धुकं, त्यात समोरची काच आतून धुरकट होते. एसी नाही. काय करावं?

उत्तर : केबिनमधली ओल बाहेर काढा. ओली पोती आणि भिजलेली ताडपत्री मागे हौद्यात टाका. दोन्ही खिडक्या बोटभर उघड्या ठेवा, ब्लोअर काचेकडे वळवा. हीटर असेल तर गरम हवा सोडा. काच आतून आदल्या दिवशी धुवून कोरड्या सुती फडक्याने पुसा. तंबाखूचा आणि धुळीचा थर असला की त्यावर वाफ लवकर धरते.

हेडलाइट डिपरवर ठेवा. अप्पर मारला की प्रकाश धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, वळताना मागच्याला कळत नाही. मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी ताडपत्रीखाली किंवा चिखलाखाली गेलीय का, ते निघण्याआधी हात फिरवून बघा. क्रेट भरल्यावर ताडपत्रीचं टोक नेमकं त्या पट्टीवर लोंबतं.

आणखी एक, माल उतरवून येताना जास्त जपा. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, भरलेल्या गाडीच्या हिशोबाने कडक असतात. रिकाम्या गाडीचा मागचा भाग हलका राहतो आणि दवाने ओल्या, उसाच्या ट्रॅक्टरने चिखल केलेल्या रस्त्यावर ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात.

प्रश्न (येवला) : थंडीत टायरची हवा कमी का दाखवते?

उत्तर : गार हवा आकसते. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआय घटतो, आणि भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरात त्याहून जास्त. हवा पहाटे, गाडी हलवण्याआधी मोजा आणि दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. मागच्या चाकांसाठी रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असेल, तो नीट वाचा.