सप्लाय चेनचा कोर्स करताय? आधी टेबल ठरवा

प्रश्न : यंदा बी.कॉम. झाले. सप्लाय चेनमध्ये नोकरी करायची आहे. वर्धा रोडवरच्या एका संस्थेत सहा महिन्यांचा डिप्लोमा आहे, फी 85 हजार, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असं सांगतात. मैत्रीण म्हणते थेट सीएससीपी ही सप्लाय चेनची अमेरिकी परीक्षा दे, परदेशातही चालतं. दादा म्हणतो एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर, फुकट शिकायला मिळतं, पैसे कशाला घालवतेस? कोणाचं ऐकू?
— वाचक, मानेवाडा

उत्तर : सुरुवातीला दादाचं ऐका. पण कोर्सच्या आधी आणखी एक गोष्ट ठरवायला हवी. ‘सप्लाय चेन’ नावाची नोकरी फ्रेशरला सहसा मिळत नाही. मिळतं ते एक टेबल. नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यात ते परचेसचं किंवा स्टोअर्सचं असतं. मोठ्या गोदामात इन्व्हेंटरीचं किंवा डिस्पॅचचं. वाडीच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत गाड्या लावण्याचं आणि बिल्टी-पीओडीचं, म्हणजे माल चढवल्याच्या आणि पोहोचल्याच्या कागदांचं. आयात-निर्यातीत जायचं असेल तर सीएचएच्या, म्हणजे कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटच्या, ऑफिसात शिपिंग बिलाचं (निर्यातीच्या कस्टम्स कागदाचं). प्रत्येक टेबलाला वेगळं ज्ञान लागतं, आणि सगळ्यांना पुरेल असा एकच कोर्स बाजारात नाही. तुम्ही कॉमर्सच्या आहात, जीएसटी वाचलेला आहे. म्हणून डिस्पॅच, इन्व्हेंटरी किंवा परचेस यांपैकी एक निवडा, असं आमचं मत आहे.

टेबल ठरलं की कोर्स तपासणं सोपं जातं. अभ्यासक्रमाचा कागद मागून घ्या आणि त्यात हाताने करायचं काम किती आहे ते बघा. डिस्पॅचचंच उदाहरण घ्या. नागपूरहून भिवंडीकडे दीड लाखाचा माल पाठवायचा आहे. मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन ई-वे बिलाच्या भाग ‘अ’मध्ये इनव्हॉइस, एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड) आणि मालाची किंमत भरायची, भाग ‘ब’मध्ये गाडीचा नंबर. समृद्धीने भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत 701 किलोमीटर. साध्या मालाला दर 200 किलोमीटरला किंवा उरलेल्या भागाला एक दिवस, म्हणजे चार दिवसांची मुदत. वाटेत गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर भाग ‘ब’ बदलावा लागतो. मुदत संपत आली तर संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच ती वाढवून घेता येते. हे माहीत नसल्यामुळे गाडी तपासणीत अडकते, दंड लागतो, आणि पार्टी फोन करते ती डिस्पॅचच्याच टेबलावर. ज्या कोर्समध्ये हे करून घेत नाहीत, नुसते लॉजिस्टिक्सचे सात प्रकार पाठ करून घेतात, त्याला 85 हजार देऊ नका.

इन्व्हेंटरीसाठी हिशेब यायला हवा. एखाद्या मालाची रोज सरासरी 100 पेटी विक्री, रोजच्या विक्रीतला चढउतार, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, 20 पेटी, आणि माल यायला चार दिवस लागतात. 95 टक्के वेळा माल कमी पडू नये असं ठरवलं तर सेफ्टी स्टॉक, म्हणजे राखीव माल, होतो 1.65 (95 टक्क्यांसाठीचा ठरलेला आकडा) गुणिले 20 गुणिले चारचं वर्गमूळ, म्हणजे 66 पेटी. त्यात चार दिवसांची 400 पेटी विक्री मिळवली की 466. स्टॉक इथपर्यंत उतरला की ऑर्डर टाकायची. मुलं सूत्र पाठ करतात, पण पुरवठादार चारऐवजी सहा दिवस लावतो तेव्हा हा आकडा कोलमडतो, हे त्यांना कोणी दाखवत नाही. डेमो लेक्चरला जाल तेव्हा नेमकं हेच विचारा. शिकवणारा फळ्यावर उत्तर काढून दाखवू शकला तर तो कामाचा माणूस.

आता तुमचे तीन पर्याय.

एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे सप्लाय चेन आणि ऑपरेशन्सवरचे कोर्स जानेवारी आणि जुलैच्या सत्रात येतात. शिकणं फुकट आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी साधारण हजार रुपये. इथेच बरेच जण चुकतात : कोर्सला नाव नोंदवणं आणि परीक्षेसाठी नोंदणी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरीची तारीख गेली की पूर्ण सत्र वाया. 12 आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम आठ असाइनमेंटची सरासरी धरतात. त्यात 25 पैकी किमान 10 आणि केंद्रावरच्या परीक्षेत 75 पैकी किमान 30 गुण लागतात. दोन्हीकडे पास व्हावं लागतं. याच्या जोडीला एक्सेल पक्कं करा : सम-इफ्स, एक्स-लुकअप, पिव्होट टेबल. मुलाखतीत समोर लॅपटॉप ठेवून स्टॉकच्या यादीचं एबीसी वर्गीकरण (वापराच्या किमतीनुसार तीन गट) करायला सांगितलं तर पंधरा मिनिटांत झालं पाहिजे.

सीएससीपी ही एएससीएम या अमेरिकी संस्थेची परीक्षा, 150 प्रश्न, साडेतीन तास. दर्जा चांगला आहे. पण प्रश्न समजायला आधी गोदाम किंवा कारखाना पाहिलेला असावा लागतो, फी डॉलरमध्ये आहे, आणि नागपुरात पहिल्या नोकरीच्या पगारात तिचा फरक पडेल असं आम्हाला वाटत नाही. दोन-तीन वर्षांनी करा, तोवर कंपनीच खर्च उचलण्याची शक्यताही असते.

डिप्लोमाचं म्हणाल तर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ लेखी मागा. बहुतेक वेळा करारात ‘इंटरव्ह्यूसाठी सहाय्य’ एवढंच असतं. मागच्या बॅचची ऑफर लेटर बघा, त्यातलं पद आणि हातात येणारा पगार बघा, आणि संस्थेने दिलेल्या नंबरवर नव्हे, स्वतः शोधलेल्या दोन माजी विद्यार्थ्यांशी बोला. फीवर 18 टक्के जीएसटी वेगळा असेल तर 85 हजारांचे 1,00,300 होतात, हेही आधीच विचारा. फी कर्जावर असेल तर नोकरी लागो न लागो, हप्ता सुरू होतो.

आणि एक रस्ता तुम्ही विचारलाच नाही, तो म्हणजे अप्रेंटिसशिप. केंद्र सरकारच्या नॅट्स या अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर बी.कॉम.वाल्यांनाही नोंदणी करता येते. वर्षभर स्टायपेंडवर काम आणि शेवटी सरकारी प्रमाणपत्र. पदवीनंतर वर्षभराचा अनुभव झाला की मात्र पात्रता जाते, म्हणून आधी किरकोळ नोकरी आणि मग अप्रेंटिसशिप असा क्रम ठेवू नका. एनपीटीईएल, एक्सेल आणि अप्रेंटिसशिप एकत्र केलं तर वर्षाच्या शेवटी तुमच्याकडे सांगण्यासारखं काम असेल. फ्रेशरच्या मुलाखतीत आम्ही सगळ्यात जास्त वजन त्यालाच देऊ.

प्रश्न : मेकॅनिकल बी.ई. झालो आहे. परचेसमध्ये जायचं आहे. सॅप एमएमचा (खरेदी-साठ्याच्या सॉफ्टवेअरचा) 40 हजारांचा क्लास करू का?
— वाचक, हिंगणा

उत्तर : आत्ता नको. कन्सल्टंट व्हायचं असेल तर आधी कामाचा अनुभव लागतो. आणि साधा वापरकर्ता म्हणून सॅपमधल्या एमई21एन या कोडने पीओ (खरेदीची ऑर्डर) बनवणं, मिगोने माल जमा करणं, एमबी52ने स्टॉक बघणं हे कंपनीत पहिल्या महिन्यातच शिकवतात. त्याऐवजी मागणीपासून पीओ, गेट एंट्री, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), बिल हा प्रवास कागदावर समजून घ्या. पीओ 500 नगांची, चलनही 500चं, पण प्रत्यक्ष 480च आले. स्टोअर्सने न मोजता 500चं जीआरएन केलं की पीओ, जीआरएन आणि बिल तिन्ही जुळतात, पूर्ण पैसे जातात, सिस्टीममध्ये 20 नग दिसत राहतात आणि एक दिवस लाइन थांबते. मुलाखतीत हे नीट समजावून सांगता आलं तर सॅपचं प्रमाणपत्र कोणी मागणार नाही.

प्रश्न : मुलाला नोकरी करता करता लॉजिस्टिक्समध्ये दूरस्थ एमबीए करायचं आहे. चालेल का?
— पालक, कामठी

उत्तर : चालेल. प्रवेशाआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर विद्यापीठाचं नाव, तो कोर्स आणि ते शैक्षणिक वर्ष, तिन्ही एकत्र तपासा. मागच्या वर्षी मान्यता होती म्हणून यंदा असेलच असं नाही. फी विद्यापीठाच्या खात्यातच भरा, स्टडी सेंटर चालवणाऱ्याच्या हातात नको.